वरून वाढलेली कोशिंबीर

३ फेब्रुवारी १९५७, लालबाग

आले एकदाची मुंबईला, आठवडा झाला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी तर लिहून ठेवते: जगन. शिवडीच्या गोदामात कामाला आहे. खोली एवढीशी, पण खिडकी रस्त्यावर. मोर्चा निघाला की संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा घरबसल्या ऐकू येतात. आज मीही खिडकीतून ओरडून घेतलं. जगन म्हणाला, आल्या आल्याच घसा बसवून घेणार काय.

शेजारी सखुबाई राहतात, कोकणातल्या. गिरणीतले गडी त्यांच्याकडे जेवायला असतात. बाई तोंडाने फटकळ, पण मनाने मोकळी. मला 'गो बाय' म्हणतात आणि जेवणवेळेला कोशिंबीर देतात. कच्चा मुळा, कोथिंबीर, दाण्याचं कूट, सगळं हाताने कालवलेलं. गावी असली चव कधी लागली नाही. पण माझ्या वाटीला हात लागू देत नाहीत, वरून टाकतात. आम्ही बौद्ध झालो, घरातले देव समुद्रात सोडले, तरी बाईंच्या लेखी आमचा विटाळ आहे तिथेच. राग आला. कोशिंबीर मात्र चाटूनपुसून खाल्ली.

२४ मार्च १९५७

सखुबाई शिमग्याहून परतल्या. गावी दरसाल रानडुकराची शिकार होते, मटण निखाऱ्यावर अर्धंकच्चंच खातात, ते नळावर रंगवून सांगत होत्या. मग हसत म्हणाल्या, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही गो, संडासात पांढऱ्या नाडीचे तुकडे पडतात. जंत असतील, म्हणे. जंत कुणाला नसतात.

संडासातून आल्या की नुसते पाण्यात हात बुचकळतात आणि थेट चुलीशी. साबणात गाईची चरबी असते म्हणे, सोवळ्याला चालत नाही. मी माझी वडी पुढे केली तर बाई मागे सरकल्या. मग मी मुद्दाम त्यांच्यादेखत कोपरापर्यंत फेस काढला. बघा म्हटलं, विटाळ कुणाचा ते.

८ ऑक्टोबर १९५९

एवढे दिवस वही उघडली नाही. सुखात कोण लिहितं?

काल नळावर पडले. मला काही आठवत नाही. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, म्हणतात. जीभ चावली गेलीय, अजून दुखते. सखुबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, हिच्या अंगात देवी आली. समुद्रात सोडलेली देवीच परत आली. शुद्धीवर आले तर कपाळावर हळदकुंकू, ओटीत लिंबू. मला बघून हंडा मागे ओढणाऱ्या बाया माझ्या पाया पडत होत्या. मी पदराने कुंकू खसाखसा पुसलं. मी देवी नाही. मला काय झालंय ते मला कळलंच पाहिजे.

२ नोव्हेंबर १९५९

पुन्हा दोनदा. आधी काहीतरी जळाल्याचा वास येतो. दंडावर कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ आहे. दाबली की सरकते. भीती वाटते, का नाही वाटणार. पण देवऋषी दारात आणलात तर झाडूने हाकलीन, असं सांगून ठेवलंय.

१४ जानेवारी १९६०

मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, डुक्कर खाता का. जगन लाल झाला. आमच्या घरात ते कधी आलं नाही, आईच्याही नाही.

एक्स-रेच्या फोटोत मांडीत तांदळाच्या दाण्यांसारखे ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, किड्याच्या अळ्यांचे फोड आहेत, डोक्यातही असणार. कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात लांब पट्टीसारखा किडा होतो. त्याची अंडी त्या माणसाच्या न धुतलेल्या हाताने दुसऱ्याच्या ताटात जातात. ज्याने मांस खाल्लं नाही त्याच्याही डोक्यात. मग विचारलं, ओळखीत कुणाला पांढऱ्या नाडीसारखे तुकडे पडतात का.

मी टेबलाची कड घट्ट धरली.

१६ जानेवारी

सखुबाईंना सांगितलं. औषध आहे, किडा पडून जातो, लाज कसली. बाई कडाडल्या. आमची घाण मी त्यांच्या अंगावर टाकते म्हणे. उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं.

त्यांच्या दारात उभं राहून मी गड्यांना सांगितलं, कोशिंबीर खाऊ नका. हसले. कुशाबा तर माळकरी, मासळीचा वासही त्याला सहन होत नाही. म्हणून बाई त्याला कोशिंबीर जास्त वाढतात.

९ मार्च

कुशाबा गिरणीत चालत्या साच्यावर झटका येऊन पडला. हात गेला.

जन्मात मांस शिवला नव्हता. तरी चाळ म्हणते, देवीचा कोप. माझ्या दारात नारळ ठेवून जातात. मी उचलून गटारात टाकते.

२० एप्रिल

झटके वाढले. डॉक्टर म्हणाले, नवी अंडी पोटात गेली तर डोकं वाचणार नाही. जगनलाही बजावलंय, बाहेरचं कच्चं काही नाही.

रोज नळावर साबण ठेवते. रोज कोणीतरी फेकतं. मीही — रोज ठेवणार. बघू कोण थकतं.

२८ एप्रिल

अक्षर धड येत नाही — बोटं —

सखुबाई नळावर साबणाकडे बघत उभ्या होत्या. बराच वेळ. घेतला नाही. पण फेकलाही नाही.

१ मे १९६०

महाराष्ट्र झाला. रस्त्यावर रोषणाई, दिवे लुकलुकतात — डोळ्यांना सोसत नाही. जळका वास. फटाके असतील. फटाकेच.

दार वाजलं. सखुबाई, हातात वाटी. आज आपलं राज्य आलं, आज कसला विटाळ गो बाय — उंबरा ओलांडून आत आल्या. पहिल्यांदाच. थांबा म्हटलं, ओळ पुरी करते. माझ्याजवळ बसल्यात, खांद्याला खांदा लावून. डोळ्यांत पाणी बाईंच्या. घास कालवला, माझ्या तोंडाशी — तीन वर्षं याचीच वाट पाहिली —

नाही. साबण त्या कोपऱ्यात — वास वाढला —

मावशी, आधी हात धु