सहीखालचा माणूस

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. बाबांना जाऊन वर्ष होतंय, त्यांचे पलटणीतले जुने सोबती घरी येणार, घरातल्या प्रत्येकानं त्यांच्याबद्दल एकेक कागद लिहून खाली सही करायची आणि तू ते मोठ्यानं वाचणार. वर तुझी तंबी, की दोन ओळी तरी लिही मेल्या, शाळा सोडलीस म्हणून काही हात मोडला नाही तुझा. हात धड आहे गं. आज सुट्टी, सकाळपासून तीन कागद फाडले. तीनदा चहा केला, तिन्ही वेळा गार झाला.

लिहायचं काय? बाबा फौजेत होते म्हटलं की लोक बंदूक धरतात डोळ्यांसमोर. आपल्या बाबांची अठरा वर्षं एका लांबलचक टेबलापाशी पॅराशूटच्या घड्या घालण्यात गेली. घडी घालायची, चिठ्ठीवर सही करायची, चिठ्ठी पिशवीच्या खिशात. आणि साहेब मधूनच एखादी पिशवी उचलून म्हणायचा, ही तुझीच ना, मग चल, चढ विमानात. आपल्या घडीवर आपणच उडी. असं अकरा वेळा झालं. आई बिचारी दोनदाच झालं असं समजून होती.

घरी आल्यावरही तेच. आपली दप्तरं, छत्र्या, चादरी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिची पिशवी त्यांनी तीनदा उपसून पुन्हा भरली आणि वर चिठ्ठी ठेवली, ‘तपासलं’, खाली सही. नर्स केवढी हसली होती! आईनं मात्र ती चिठ्ठी उशीखाली ठेवली.

आणि तुझा तो भूमितीचा पेपर. बाबा तापानं फणफणले होते, मला म्हणाले, ताईचं दप्तर आज तू बघ. मी उघडलंसुद्धा नाही. चिठ्ठीवर ‘तपासलं’ लिहून त्यांच्यासारखी वळणदार सही ठोकली आणि खेळायला पळालो. तुझा कंपास घरीच! मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. पण त्यांनी बोट लावलं नाही. तशा तापात उठले, कंपास घेऊन शाळेपर्यंत चालत गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “सहीखाली माणूस असतो रे.” मी मनात म्हटलं, सहीखाली तर रेघ असते.

बढती मिळाल्याचं तुला कळवलं होतं, पण काम काय ते नाही सांगितलं. आमची माणसं दोरावर लटकून उंच इमारतींच्या काचा धुतात. त्यांच्या सामानाची खोली आता माझ्याकडे. कमरेला बांधून दोराला अडकवायचे बावीस बेल्ट. एकेकाची शिवण बघायची, कडी ओढून बघायची, मग वहीत सही. काल सुपरवायझरला घाई होती. म्हणाला, कर ना सह्या, तुझ्या बापाचं काय जातंय? बापाचं काय जातंय! मी बाराच बेल्ट बघितले होते, ताई. सह्या बावीस केल्या. उद्या सकाळी सातला माणसं दोरावर उतरतील. त्यात माझ्या शेजारच्या खाटेवरचा बुटकाही आहे, ज्याच्या घोरण्यावरून मी रोज भांडतो. आत्ता समोर बसून शीळ घालत मोजे धुतोय.

सुट्टीच्या दिवशी खोलीची किल्ली सुपरवायझरकडे असते. दोनदा फोन केला, उचलत नाही. आता त्याच्या दारातच जाऊन बसणार. कामावरून काढीन म्हणेल. काढू दे. उरलेले दहा बेल्ट बघणार, आणि उद्या त्यातलाच एक बांधून सगळ्यांच्या आधी मी उतरणार. तुला फोनवरच सांगणार होतो, पण तू मध्येच रडतेस, म्हणून हे लिहून फोटो पाठवतोय. सोबत बाबांबद्दलचा कागदही आहे. त्यावर एकच ओळ जमली: बाबांनी न बघता कधी सही केली नाही. खाली माझी सही शोधू नकोस, केलेली नाही. उद्या सगळी माणसं धड खाली आली की फोन करीन, मग तूच तिथं माझं नाव लिही. तोवर कुणी विचारलं तर सांग, धाकटा अजून तपासतोय.

तुझाच,
धाकटा