चुकीच्या धावपट्टीवरून आत्यास

तीर्थस्वरूप आत्यास, फ्लाइंग क्लबच्या मोडक्या बाकावरून जमेल तेवढं वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? विमान शिकणाऱ्या पोरांवर अजून तितकंच ओरडतेस ना? (ओरडत जा, तब्येतीला चांगलं असतं.) मी सुखरूप, विमानही सुखरूप. फक्त दोघंही नको तिथे आहोत.

त्याचं असं झालं. आज माझ्या मैत्रिणीला आणि तिच्या वडिलांना विमानातून फिरवून आणायचं आणि परतल्यावर चहा घेताना लग्नाचं विचारायचं, असा माझा बेत. वडील जन्मभर जमिनी मोजत आलेले, म्हणून छाप पाडायला मी नव्या जीपीएसचं कौतुक लावलं, की उपग्रहांवरून आपली जागा चार-पाच हातांच्या फरकाने कळते. त्यांनी लगेच विचारलं, आणि उंची? तिथे हे यंत्र जरा कच्चं, म्हणून उंची आम्ही हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या तबकडीवरच बघतो, हे कबूल करावं लागलं. ते नुसतं "हं" म्हणाले. (मोजणीवाल्याचं "हं" म्हणजे हद्दीचा दगड, हलत नाही.) तेवढ्यात यंत्राने पाटी दाखवली: सिग्नल पुरेसा नाही, दाखवलेल्या जागेवर विसंबू नका. अशा वेळी नकाशा मांडीवर घ्यायचा, हे तूच शिकवलंस. पण नकाशा काढला तर सासरेबुवांना वाटायचं गडी घाबरला, म्हणून मी शीळ घातली. नदी दिसली, पूल दिसला, धावपट्टी दिसली, आणि मी विमान इतकं अलगद उतरवलं की चूक काढायला तुला चष्मा लागला असता. चाकं थांबली आणि सिग्नल परत आला. आपण शेजारच्या क्लबात उतरलो आहोत, हे यंत्राने चार-पाच हातांच्या फरकाने सांगितलं.

सासरेबुवा (व्हायचेत अजून) म्हणाले, "यंत्राला कळेना तेव्हा त्याने तसं सांगितलं. तुम्ही शीळ घातलीत." आत्या, मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नाचं विचारायला तोंडच उरलं नाही, आणि मला तर तिच्याशिवाय दुसरी कुणी नको.

तुझा,
वाट चुकलेला भाचा

ता.क. : चिठ्ठी आणणाऱ्या मेकॅनिकच्या स्कूटरवर बसून तशीच निघ. ह्याला जिने शिकवलं तिच्याबरोबरच परत उडेन, असं तिचे वडील म्हणतात. लग्नाचा विषयही तूच काढ.

पुन्हा ता.क. : विषय तिनेच काढला. सगळे उतरले तरी ती अजून विमानातच पट्टा बांधून बसली आहे, परत जाईन तर ह्याच्याबरोबरच म्हणते. वडिलांनी तिच्याकडे बघितलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. तेव्हा स्कूटर नको, तुझं विमान आण. वडील तुझ्याबरोबर, आम्ही दोघं मागून येतो.