दहा सुपाऱ्या आणि एक डोळा

कार्तिक १७
आज किजापूजा, म्हणजे आमची भाऊबीज. बिकेनच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावायला गेले आणि गेला की घसरत भुवईवर! माझ्या डाव्या डोळ्यात फूल आहे ना — लहानपणी मळणीत भाताचं कुसळ उडालं होतं — त्यामुळे समोरचं कपाळ किती लांब आहे तेच कळत नाही. "ताई, कपाळ वर आहे गं!" म्हणाला मेला. पण धाकट्या भावाने टिळा पुसला मात्र नाही. तसाच थिमीला गेला, माझ्या होणाऱ्या सासरी, दही पोचवायला.

कार्तिक १८
बिकेन काल मोठा पराक्रम करून आलाय! उकेशच्या आईने विचारलं, "मुलीला त्या डोळ्याने दिसतं ना?" तर हा ठणकावून म्हणाला, "नुसता पांढरा डाग आहे हो, दिसतं सगळं!" धपाटाच घातला त्याला. आमा लेकाची बाजू घेत मलाच म्हणते, "गप्प बस. ठरलेलं मोडायचंय का?"
नाही मोडायचं. उकेश मला आवडतो. झालं, लिहून टाकलं!

कार्तिक २४
डोळ्यांच्या इस्पितळात जाऊन आले. म्हटलं, लग्नाआधी ऑपरेशनच करून टाकू, मग खोटं उरणारच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फूल जाईल, नजर नाही यायची. लहानपणी हा डोळा बघायला शिकलाच नाही." म्हणजे इतकी वर्षं साहेब नुसते बसून खातायत! बाई हसल्या. मी जिन्यात येऊन रडले.

मंसिर २
आमच्यात रीतच आहे, नव्या नवरीने सासरी गेल्यावर प्रत्येकाच्या ओंजळीत दहा सुपाऱ्या ठेवायच्या. खाली पडल्या की बिंग फुटलंच! बिकेनवर सराव केला. निम्म्या जमिनीवर, एक त्याच्या चहात.

मंसिर ५
उकेशला खरं सांगायला फोन केला. दह्याबद्दल बोलून ठेवला. भित्री!

मंसिर ८
दमले की हा डोळा आपला बाहेरच्या कोपऱ्यात फिरायला जातो. उद्या लग्न. बाबा रे, एक दिवस घरी थांब!

मंसिर १०
काल सासूबाईंनी ओंजळ पुढे केली आणि ती किती लांब आहे तेच कळेना. सुपाऱ्या तशाच मुठीत धरून बोलून गेले, "आई, या डोळ्याने मला दिसत नाही. बिकेन खोटं बोलला." सासूबाईंनी ओंजळ सरकवून माझ्या मुठीखाली आणली.
"ठाऊक आहे गं. भुवईवर टिळा घेऊन सांगत होता, दिसतं सगळं!"