चांद्याची घंटा

सोमवार, १२ जानेवारी १९५३. दिवेलागण.

केनवडहून लढाईतली जुनी जीप आणली. इंजिन बंद, म्हणून बैलांनीच ओढून. हट्ट माझाच, दुरुस्त करीन, चिखलातही चारही चाकांवर चालेल म्हणून.

वाटेत थोरला दादा बैलांपाशी थांबला. "थांब ना बाप्पा, चांद्या धापा टाकून राह्यला." मी स्टिअरिंगवर बसून म्हटलं, लष्करी गाडी जडच असते. जडच असते म्हणे. कुठून आलं हे शहाणपण?

अंगणात जू उतरवताच चांद्या बसला. उठलाच नाही. दुपारी गेला.

आत्ता धूळ पुसताना गिअरच्या दांड्याजवळची पाटी वाचली. दांडा पाटीवरच्या मोकळ्या खुणेवर नव्हता, गाडी गिअरमध्येच होती. चारही चाकं बंद इंजिन फिरवत होती, आणि ते सगळं चांद्याच्या मानेवर. एक दांडा मोकळा केला असता तर...

सांगायला उठलो, तोच दादा आला. चांद्याच्या गळ्यातली घंटा त्यानं त्याच दांड्याला बांधली. "म्हातारा झाला होता रे तो. आता ओढाचं काम हिचं."

दांडा अजून तसाच आहे. हलवला तर घंटा वाजेल, आणि दादा ओसरीवरच बसलाय.