खोबरेल लावलेलं धनुष्य

आई, मला तुझा संशय आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर असं लिहिणं बरं दिसत नाही, पण संशयी स्वभाव मी बाबांकडून घेतलाय, आणि बाबांनी तो भलत्याच माणसावर वाया घालवला असं आता वाटतं.

मांद्रेला जुनं सामान विकणारा एक दुकानदार आहे. गेस्टहाउसवाल्यांच्या गळ्यात तो मोडक्या खुर्च्यासुद्धा पोर्तुगीजांच्या म्हणून मारतो. त्याच्या कपाटामागे शिवलेल्या कापडी पिशवीत एक धनुष्य होतं. कुणा पाकल्याच्या, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीजाच्या, बंगल्यातलं, कोणी हातसुद्धा न लावलेलं, असं तो सांगू लागला. मला पटेना, कारण मुठीखाली बाबांनी तापल्या खिळ्याने काढलेली खूण होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला, की गावातलंच एक घर पाडलं, त्याच्या माळ्यावरचं सामान त्याने उचललं. ते घर मामाचं. तुझं माहेर.

ते धनुष्य बाबांनी आणि त्यांचे मित्र कारापूरचे मास्तर, दोघांनी मिळून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलं होतं. सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत बसून दोघं त्याच्यावर कापसाचा बोळा फिरवत. धागा अडकला की तिथे चीर आहे असं समजायचं. एकदा तू आपली मदत म्हणून त्याला खोबरेल चोळलंस, तेव्हा बाबा केवढे कावले. खोबरेल खवट होतं, लाकडाला अळशीचंच तेल हवं. तू हात पदराला पुसलेस.

मग गोवा घटकराज्य व्हायच्या आधीचा तो भाषेचा वाद पेटला. बाबा मराठीचे, मास्तर कोकणीचे, आणि दोघं भांडायचे मात्र कोकणीतच. त्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत धनुष्य दोरी चढवून मांडलं होतं. शब्दाने शब्द वाढला, बाबांनी ते पाटावरून उचललं, बाण लावला आणि मास्तरांवर रोखला. मागाहून म्हणाले, थट्टा केली. मी दारातच होते, ती थट्टा नव्हती. तूही पाहिलंस. दुसऱ्या दिवशी पाट रिकामा. ‘मास्तरानच व्हेलां,’ मास्तरानेच नेलं, असं बाबा म्हणाले आणि मरेपर्यंत म्हणत राहिले. गावभर झालं. बाबा गेले तेव्हा मास्तर आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. तू त्यांना चहा नेऊन दिलास आणि गप्प बसलीस.

आता ते माझ्या टेबलावर आहे. दोरी तशीच राहिली असती तर लाकूड वाकून निकामी झालं असतं, पण कोणीतरी ती आठवणीने उतरवलेली. अंगाला खवट खोबरेलाचा वास. तो टर्पेंटाइनने पुसताना माझं नाक तुझ्याकडे वळलंच. आणि पिशवी आहे ती मोरपंखी साडीची, जी बाबांनी तुला त्या दसऱ्याच्या पुढच्या वर्षी गणपतीच्या चवथीला आणली होती. म्हणजे धनुष्य तेव्हाही तुझ्याच हातात होतं. लपवलंस ते योग्यच केलंस, आई. पण ज्याचा जीव वाचवलास त्यालाच चोर ठरू दिलंस, हे माझ्या पचनी पडत नाही. बाबांना भीत होतीस म्हणावं, तर बाबांमागेही तू बोलली नाहीस. मला राग येतो, आणि तो कुणाला सांगू?

अळशीचं तेल मुरलं, नव्या दोरीला मेण लावलं, आणि परवा मी धनुष्य घेऊन कारापूरला गेले. मास्तर आता खूप थकलेत. त्यांनी आधी सुनेकडून कापूस मागवला आणि हळूहळू फिरवला. कुठेच अडकला नाही. मग बोटाने बाबांची खूण चाचपली.

‘म्हणजे हांव चोर न्हय मू गो?’ मी चोर नाही ना, असं त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हटलं. मग कोणी नेलं, असं ते म्हणाले. मी सांगितलं, कुणा पाकल्याच्या बंगल्यात सापडलं म्हणे, दुकानदार सांगत होता.

पिशवी मी निघतानाच घरी काढून ठेवली होती.