बुरशी आली म्हणून फेकायची?

डेट्रॉइट, १० डिसेंबर १९५८

चि. डॉर्सी, चिडलेल्या ताईचे आशीर्वाद.

इथे बर्फ आहे, मी बरी आहे. गुडघ्याचं विचारू नकोस.

तू लिहितोस, "धुराच्या खोलीत टांगलेल्या मांडीवर बुरशी आलीय, नाताळच्या जेवणाला दुकानातली गुलाबी आणतो." अरे शहाण्या, केंटकीतच जन्मलास ना? खारवून वर्षभर टांगलेल्या डुकराच्या मांडीला बुरशी येणारच! ब्रशने घासायची, दोन दिवस पाण्यात भिजवायची. दुकानातलं ते पाणी भरलेलं मांस तुझ्या सासूला वाढ.

मांडी पारखायची ती नाकाने. हाडालगत सळई खुपसायची, काढून हुंगायची; आतून नासली असेल तर वासच सांगतो. बाबा ती हुंगायला द्यायचे तेव्हा तू नाक धरून पळायचास, म्हणूनच आज अकलेचे तारे तोडतोयस.

बाबा नीट जेवतात का? यंदा थंडी पडूनही त्यांनी मांस खारवायला घेतलं नाही, हे मला शेजारणीच्या पत्रातून कळावं? म्हणजे टांगलेली आहे ती त्यांच्या हातची शेवटचीच.

तेव्हा सळई त्यांच्याच हातात दे. हात फारच थरथरला तर खालून मनगट धर आणि तोंड बंद ठेव. ते स्वतः "खराब" म्हणाले, तरच फेक.

तुझी,
व्हर्नाताई