लोगोची साफसफाई

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आधी दुरुस्ती. शनिवारी लिहिलं होतं की वाचनालयाच्या लोगोतले बारा काळे डाग मी काढले. डाग अकरा होते. बारावा माझ्या स्क्रीनवर होता, ओल्या फडक्याने गेला. दमयंती आत्याचा नियम आहे: चूक खोडायची नाही, नव्या तारखेखाली दुरुस्त करायची. सातवीपर्यंत मी घरीच तिच्या हाताखाली शिकले. वर्गात मी एकटी, त्यामुळे पहिला नंबर माझा आणि शेवटचाही.

आदिलाबादच्या आपल्या मराठी वाचनालयाला पन्नास वर्षं झाली. २३ तारखेला, रविवारी समारंभ. स्मरणिका माझ्याकडे! लोगो म्हणजे उमललेलं कापसाचं बोंड, त्यातून वर येणारं पुस्तक. सचिव अवधूतकाकांनी जुन्या लेटरहेडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. जेपेग. जेपेग दर वेळी सेव्ह केलं की झिजतं आणि कडांना कचरा साठतो. तो मी वेचून काढला. आता बोंड इतकं स्वच्छ आहे की जिनिंगवाल्याने सुद्धा नाव ठेवू नये.

शुक्रवारपर्यंत फॉर्मॅट ठरवणार. नक्की.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फॉर्मॅटचा अभ्यास. वही अर्धी भरली.

पीएनजी पारदर्शक, केशरी कव्हरवर पांढरा चौकोन येणार नाही. पण त्याचे रंग स्क्रीनचे, छपाईचे नव्हेत. टिफ छपाईला उत्तम, पण माझी फाइल ४४ एमबीची झाली. ईपीएस रेषांचं, गावाएवढं मोठं केलं तरी फाटत नाही. एसव्हीजी पण रेषांचं, पण नागेशच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडत नाही.

नागेश म्हणजे बसस्टँडजवळचा प्रेसवाला. त्याला फोन केला. म्हणाला, ताई, काहीबी द्या, मी करून घेतो. काहीबी! बिचारा. त्याला पाऊण तास समजावून सांगितलं. मधून मधून तो तेलुगूत सरे, सरे, म्हणजे बरं, बरं, म्हणत होता. मागे मशीन चालू होतं. भारावला असावा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फॉर्मॅट ठरला नाही. कारण जाहिराती. लोक दुकानाच्या बोर्डाचे फोटो पाठवतात, खाली गिऱ्हाईक बसलेलं. मी सगळ्यांना कडक मेसेज केला: फोटो चालणार नाही, ओरिजिनल पाठवा.

संध्याकाळी खतवाल्या व्यंकटरावांनी दुकानाची पाटीच ऑटोत घालून पाठवली. सहा फुटी, पत्र्याची. सोबत निरोप: यापेक्षा ओरिजिनल आमच्याकडं काही नाही. आत्या म्हणाली, आता हिला स्कॅनरमध्ये घालून दाखव.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. दुपारी १२.१०

झालं! स्वच्छ लोगो टिफ आणि ईपीएस, दोन्हींत नागेशला पाठवला. आवृत्त्यांचा गोंधळ नको म्हणून जुनी जेपेग लॅपटॉपवरून पुसली, फोनमधून पुसली, काकांनाही पुसायला लावली. त्यांच्याकडे एक लेटरहेड उरलं होतं, त्यावर त्यांनी हॉलचा अर्ज लिहून दाखल केला. म्हणजे जगात आता लोगोची एकच प्रत, माझी. शिस्त म्हणतात ती हीच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

देठाचा हिरवा नक्की कोणता, हे विचारायला उद्धवरावांकडे गेले. लोगो त्यांनीच काढला, पन्नास वर्षांपूर्वी, तेव्हा ते ड्रॉइंग मास्तर होते. ते आणि त्यांची बायको रेणुकाबाई, दोघं मूळचे वांकिडीकडचे. रेणुकाबाईंनी ज्वारीची भाकर आणि ठेचा पुढे ठेवला. मी रंगांचे नमुने काढले. उद्धवराव म्हणाले, रंग कोणताबी घे पोरी, सरक्या तेवढ्या नीट आल्या पायजेत.

मी विचारलं, कोणत्या सरक्या.

म्हणाले, बोंडातल्या बिया. अकरा. वाचनालय सुरू केलं ते आमी अकरा जण, एकेकाची एक सरकी. बाई एकच होती, ही. रेणुकाबाई म्हणाल्या, माही सरकी देठाजवळची. मले खाली ठेवलं, काऊन तं म्हणे तू भांडखोर, वर ठेवली तं बाकीच्याइले ढकलशील. दोघं खूप हसले. मग त्या म्हणाल्या, अकरातले आता आमी दोघंच राह्यलो. कव्हर आलं की पयले माही सरकी पाहीन.

मी भाकरी संपवली. ठेचा तिखट होता, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कोणाला वेगळं वाटलं नाही.

सांगणारच होते. पण तोंडात घास असताना बोलू नये, असं आत्याने शिकवलंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शांत डोक्याने विचार केला. परिस्थिती उत्तम आहे. नागेशकडून कव्हरची प्लेट मंगळवारी संध्याकाळी सहाला छपाईला जाते. अकरा सरक्या, हातात चार दिवस, म्हणजे रोज पावणेतीन सरक्या. उद्धवरावांना सांगितलं तर ते पाच मिनिटांत नवीन काढून देतील, पण वयस्कर माणसाला त्रास कशाला? मीच काढते. मग सांगते. दुरुस्ती झाल्यावर चूक सांगणं जास्त प्रामाणिक असतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

जागा आठवत नाहीत. देठाजवळची एक नक्की. बाकीच्या दहा समान अंतरावर, गोल बसवल्या. भूमितीच्या दृष्टीने निर्दोष. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, बोंडाला गोवर आलाय का?

मग विस्कटून बसवल्या. आता कांजिण्या. आत्या म्हणाली, चैत्राली, जा आणि त्यांना विचार. मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, चूक झाली त्याच दिवशी लिहायची, हे शिकवलं ना? मी म्हटलं, लिहिलीय की, डायरीत!

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सायंकाळी ५.४०

सरक्या तयार. सुरेख. फक्त कोणत्या फॉर्मॅटमध्ये पाठवायच्या ते ठरवायचंय. ईपीएसमध्ये सरक्यांच्या कडा धारदार दिसतात, आणि सरकीला लव असते. टिफमध्ये लव येते, पण फाइल ६१ एमबी. वायफायचा एकच दांडा.

५.५२. टिफ पाठवते.

५.५८. नको. ईपीएस.

६.०५. नागेशला फोन केला. म्हणाला, ताई, प्लेट गेली ना. पयलेचाच लोगो टाकला, चकाचक होता. काही राह्यलं होतं का? मी म्हटलं, अकरा ठिपके. तो म्हणाला, अरे, ठिपकेच होते तं फोनवर सांगायचं. दोन मिनिटांत टाकले असते.

याला फॉर्मॅटचं काहीच कळत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पाचशे प्रती घरी आल्या. कव्हर केशरी, चकचकीत, बोंड पांढरं आणि रिकामं. कंप्युटरवर फार विसंबलो आपण, हातात कला आहे ती कशासाठी? प्रत्येक प्रतीवर पेनाने अकरा सरक्या. साडेपाच हजार ठिपके. मिनिटाला साठ म्हटलं तर दीड तासाचं काम. चहा धरून दोन.

जेल पेन लॅमिनेशनवर फिसकटतं. बॉलपेन उमटतच नाही. मार्कर उमटतो, पण पसरतो, सरकीची शेळीची लेंडी होते. सीडीवर लिहायचं पेन बरं आहे, निळंही मिळतं. सरकी काळी की काळपट निळी? तीन पेनं, चार कागद, एक तक्ता. संध्याकाळपर्यंत चौदा प्रती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

त्या चौदा प्रती आत्याने पुसल्या. तिला वाटलं माश्या बसून गेल्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारी ३

सकाळी सांगायला निघाले. खरंच निघाले, चपला घातल्या. तेवढ्यात अवधूतकाका स्कूटर घेऊन आले आणि सगळे गठ्ठे हॉलवर घेऊन गेले. म्हणाले, पोरी, कव्हर फर्मास झालं, एक डाग नाही.

मग रेणुकाबाईंचा फोन. नवीन लुगडं काढलंय. वांकिडीहून भाची येऊन राह्यली, बयनाबाई. तिला सांगून ठेवलंय म्हणे, की पेपरात फोटो येते मोठ्या लोकायचे, माही तं सरकी आली पुस्तकावर. मला म्हणाल्या, पोरी, पुढच्या रांगेत माह्या बाजूला बस, पयली प्रत तूच माह्या हातात दे.

मी हो म्हटलं. मग तीनदा काकू म्हटलं आणि म्हटलं, चष्मा घेऊन या.

उद्या सांगता येणार नाही. समारंभ आहे, माणसं असतील, एखाद्याचा आनंद मोडणं सभ्य नाही. परवा पहाटे दोघं नांदेडला जाताहेत मुलाकडे, सुनेचं बाळंतपण. प्रवासाच्या गडबडीत अशी गोष्ट सांगू नये. फोनवर सांगणं भ्याडपणाचं. समोर बसूनच सांगायचं.

पाडवा झाला की येतो, म्हणाल्या. कॅलेंडर पाहिलं. पाडवा गुरुवारी, १९ मार्चला. शुक्रवारी-शनिवारी येतील, रविवारी घर झाडतील.

ठरलं. सोमवार, २३ मार्च २०२६, सकाळी साडेदहा वाजता.